बेंबीभोवतीची कळ

चंदीगडच्या बाराव्या सेक्टरमध्ये स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. १९६२ साली तिची स्थापना झाली आणि १९६७ साली संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. हे लांबलचक नाव कोणी उच्चारीत नाही; पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू येथून येणाऱ्या लोकांना ती 'पीजीआय' म्हणूनच ठाऊक. असाध्य दुखण्यांचे रुग्ण येथे दूरदूरच्या गावांहून येतात. परंतु त्यांच्याच गर्दीत दिसायला अगदी ठाकठीक असलेली मुलेही आईचे बोट धरून उभी असतात. आईच्या हातात कागदांनी फुगलेली पिशवी असते आणि तक्रार दोनच शब्दांची असते: पोट दुखते.

अशाच एका बाकावर दोन मुले शेजारी शेजारी बसली आहेत, अशी कल्पना करू या. मुले कल्पित आहेत. परंतु त्यांच्यासारखी मुले बालरोगतज्ज्ञांना नित्य भेटतात. पहिली मुलगी दहा वर्षांची. वडील सैन्यात असून जवळच्या चंडीमंदिर छावणीत त्यांची वर्षभरापूर्वी बदली झाली आहे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. दुसरा मुलगा बारा वर्षांचा, संगरूर जिल्ह्यातील एका गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा. दोघांचेही पोट चार महिन्यांपासून अधूनमधून दुखते. 'कुठे दुखते?' असे विचारले की दोघेही बेंबीवर हात ठेवतात. दोघांनाही जंताचे औषध देऊन झाले आहे, आणि दोघांचीही शाळा बुडते आहे.

बेंबीवरचा हा हात आपल्या पूर्वजांनीही पाहिला होता. 'बेंबी सरकली' असे आपल्याकडील आजीबाई म्हणत आणि हिंगाचा लेप बेंबीभोवती लावीत. उत्तरेकडे 'नाभी टळली' म्हणतात, पंजाबात 'धरण पडली' म्हणतात, आणि पोट चोळून ती 'जागेवर आणणारे' लोकही तेथे आहेत. बेंबी सरकत नाही, हे खरे. परंतु मुलांचे नेहमीचे पोटदुखणे बेंबीभोवती असते आणि ते मायेच्या उबदार हाताने पुष्कळदा थांबते, हे निरीक्षण काही खोटे नव्हते.

शास्त्रीय पद्धतीने हे निरीक्षण जॉन ॲप्ली या इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञाने मांडले. ब्रिस्टल येथील एक हजार शाळकरी मुलांची त्यांनी नेश यांच्यासह पाहणी केली व ती १९५८ साली प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीन वेळा आणि खेळण्या-शिकण्यात व्यत्यय येईल इतके पोट दुखणारी मुले त्यांना सुमारे दहांत एक आढळली. त्यांतील फारच थोड्या मुलांत शरीराचा दोष सापडला. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका शरीरातील दोषाचा संशय अधिक, असा त्यांचा ठोकताळा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकविला जातो. ठोकताळा म्हणून तो उपयोगी आहे. पण त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही. आपल्या बाकावरचा संगरूरचा मुलगाही बेंबीच दाखवितो, हे येथे ध्यानात असू द्यावे.

दोष सापडत नाही, मग पोट दुखते कशाने? तंबोऱ्याचे उदाहरण घ्यावे. भोपळा तडकलेला नाही, तार तुटलेली नाही, खुंटी शाबूत आहे. तरीही तंबोरा बेसूर वाजतो, कारण तार नीट लागलेली नाही. अशा तंबोऱ्याचे क्ष-किरण छायाचित्र काढले तर त्यात काय दिसणार? पोटाचेही असेच असते. आतड्याला सूज नाही, व्रण नाही, अडथळा नाही. रचना निर्दोष, परंतु क्रिया बिघडलेली. अशा विकारांना डॉक्टर 'फंक्शनल' म्हणतात. आपण त्यांना क्रियात्मक पचनविकार म्हणू.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे आहे आणि त्याची मेंदूशी अखंड देवाणघेवाण चालू असते. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो तो याच वाटेने. काही मुलांत हे जाळे अतिसंवेदनशील होते. आतड्यात लहानसा फुगा घालून तो हळूहळू फुगविला, तर इतर मुलांना ज्या ताणाची जाणीव जेमतेम होते, त्याच ताणाने या मुलांना वेदना होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. जुलाबाच्या तीव्र आजारानंतर जंतू निघून जातात, पण ही संवेदनशीलता काही मुलांत महिनोन् महिने मागे राहते. तेव्हा मूल 'दुखते' म्हणते, त्या वेळी त्याला खरोखर दुखत असते. 'सगळे अहवाल चांगले आहेत, हिला काही झालेले नाही,' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. डॉक्टरांना हायसे वाटते, आईबापांना हायसे वाटते, आणि मुलीच्या पदरी मात्र खोटेपणाचा शिक्का पडतो. छावणीतल्या त्या मुलीचे वडील रागाच्या भरात एकदा म्हणालेच, 'रविवारी बरे दुखत नाही!'

पूर्वी निदानाची रीत अशी होती की, एकेक तपासणी करीत जावे आणि काहीच सापडले नाही म्हणजे शेवटी 'क्रियात्मक' म्हणावे. चाळणीत उरलेला कोंडा म्हणजे निदान! या विचारसरणीत हळूहळू बदल झाला. रोम येथील बैठकींपासून सुरू झालेल्या तज्ज्ञमंडळाने लक्षणांवरून असे विकार ओळखण्याचे निकष तयार केले. मुलांसाठीचे निकष १९९९ साली प्रथम आले आणि २००६ व २०१६ साली ते सुधारण्यात आले. २०१६ च्या आवृत्तीत एक वरवर लहान दिसणारा बदल झाला. 'शरीरदोषाचा पुरावा नसणे' ही अट जाऊन 'योग्य त्या तपासणीनंतर लक्षणांचा उलगडा दुसऱ्या विकाराने होत नसणे' अशी शब्दयोजना आली. 'योग्य ती तपासणी' म्हणजे साऱ्या तपासण्या नव्हेत. चांगली मुलाखत, हातांनी केलेली परीक्षा आणि उंची-वजनाची नोंद एवढ्यावरही ती कित्येकदा पुरी होते.

मुलाखत मुलाचीच घ्यावयाची, आईची नव्हे. आमच्या घरांतून डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला आईच उत्तर देते आणि मूल छताकडे पाहत बसते. किती दिवसांपासून? महिन्यातून किती दिवस? दुखण्याचा शौचाशी संबंध आहे काय? जेवणानंतर लवकर पोट भरल्यासारखे होते काय? दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते काय? अशा उत्तरांवरून वर्गवारी होते. महिन्यातून निदान चार दिवस, असे दोन महिने पोट दुखून त्याचा शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या रूपाशी संबंध असेल, तर आतड्याच्या क्षोभाचा विकार. जेवणानंतर जडपणा वा पोटाच्या वरच्या भागात जळजळ असेल, तर क्रियात्मक अपचन. तासन्‌तास टिकणारी जबरदस्त कळ, फिकट चेहरा, मळमळ, आणि मध्ये कित्येक आठवडे पूर्ण आराम असे चक्र असेल, तर पोटातील अर्धशिशी. होय, अर्धशिशी पोटातही असते, आणि अशा मुलांच्या घरात डोकेदुखीची अर्धशिशी असणारे कोणी ना कोणी पुष्कळदा निघते.

शौचाविषयी बोलण्याचा संकोच ही आपल्याकडील मोठी अडचण. मुलगी 'होते' एवढेच म्हणते. यावर डॉक्टर एक चित्रांचा तक्ता पुढे ठेवतात. त्यात शौचाचे सात प्रकार काढलेले असतात: लेंड्यांसारख्या सुट्या खड्यांपासून पाण्यासारख्या पातळापर्यंत. योगायोग असा की, हा तक्ताही ब्रिस्टलचाच, १९९७ सालचा. बोलायला लाजणारे मूल चित्रावर बोट मात्र ताबडतोब ठेवते. साताऱ्याच्या त्या मुलीने पहिल्या चित्रावर बोट ठेवले.

पुढचा प्रश्न तिला एकटीलाच विचारलेला. 'शाळेतल्या शौचालयात जातेस का?' मुलीने मान हलविली. नव्या शाळेत शौचालयाच्या दाराला कडी नव्हती. सकाळी बस सात वाजता, म्हणून घरी वेळ नाही. दिवसभर आवरून धरायचे. संध्याकाळी ती भावनाच नाहीशी झालेली. दोन-तीन दिवसांनी जे होई ते इतके कठीण व दुखरे असे की, मुलगी आणखीच टाळू लागली. रविवारी पोट दुखत नव्हते याचे कारण हे होते. वडिलांनी निरीक्षण अचूक केले होते; निष्कर्ष तेवढा चुकला.

हा क्रियात्मक बद्धकोष्ठ. आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शौचास होणे, मुद्दाम आवरून धरणे, कठीण वा वेदनायुक्त शौच, गुदाशयात मोठा खडा, अंगावरचे कपडे नकळत खराब होणे: यांपैकी दोन गोष्टी महिनाभर असल्या की मोठ्या मुलांत हे निदान करता येते. पोट दुखणाऱ्या मुलाला बद्धकोष्ठही असेल, तर आधी बद्धकोष्ठावर उपचार करावा आणि त्याबरोबर कळ थांबली, तर दुसरे नाव शोधू नये, असे निकषच सांगतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेतील डॉक्टरांनी बद्धकोष्ठाच्या १३८ मुलांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला; त्यांतील सुमारे ८५ टक्के मुलांचा विकार क्रियात्मक निघाला. कपडे खराब होण्याबद्दल येथे दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण या एका लक्षणापायी मुले विनाकारण मार खातात. आत अडकलेल्या कठीण मळाच्या कडेने पातळ मळ पाझरतो. मुलाला त्याची जाणीवही होत नाही. आईला वाटते जुलाब झाले, म्हणून ती जुलाब थांबविण्याचे औषध देते. किंवा तिला वाटते आठ वर्षांचा घोडा मुद्दाम करतो, म्हणून ती दटावते. दोन्हींनी रोग वाढतो.

दुधाचीही गोष्ट येथेच सांगून टाकतो. पंजाबात काय किंवा महाराष्ट्रात काय, दुधाचा पेला म्हणजे मातृप्रेमाचे माप. भाजी-भाकरी न खाता दुधावरच पोट भरणारे मूल बद्धकोष्ठाने हमखास हैराण होते, आणि काही मुलांना दुधातील साखर पचत नसल्यामुळे उलट वायू, गुरगुर व जुलाब होतात. आईला हे सांगणे डॉक्टरांना रोगापेक्षा अवघड जाते.

मुलीच्या पिशवीतील कागदांत सोनोग्राफीचा एक अहवाल होता आणि त्यात 'पोटात गाठी' असा उल्लेख होता. त्या एका शब्दाने सातारच्या आजीची झोप उडाली होती, कारण आपल्या देशात पोटातील गाठी म्हटले की क्षय आठवतो. आतड्यांच्या पडद्यातील अशा लहान लहान रसग्रंथी निरोगी मुलांतही सर्रास दिसतात. ताप नाही, वजन घटलेले नाही, भूक बरी आहे, अशा मुलाला केवळ त्या गाठींवरून क्षयाची औषधे सुरू करणे चूक आहे. गरज नसताना केलेली तपासणी नुसते पैसेच घेत नाही. कधी कधी ती एक नवा रोग हातात देऊन जाते.

मग तपासण्या केव्हा करावयाच्या? त्यासाठी धोक्याच्या काही खुणा आहेत. वजन घटणे किंवा उंची खुंटणे, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, विशेषतः हिरव्या रंगाच्या, घास गिळताना त्रास, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारणाशिवाय रेंगाळणारा ताप, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ गळू वा भगेंद्र, वयात येण्यास विलंब, पोटाच्या उजव्या बाजूलाच टिकून राहणारी वेदना, घरात कोणाला आतड्याचा दीर्घ विकार. बद्धकोष्ठ जन्मल्यापासूनच असेल, किंवा जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक वेळ लागला असेल, तर आतड्याच्या जन्मजात दोषाची शंका घ्यावी लागते. यांपैकी एकही खूण असली तर 'क्रियात्मक' हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा.

आणि येथे संगरूरच्या मुलाची पाळी आली. त्याला रक्त पडत नव्हते, ताप नव्हता, उलट्या नव्हत्या. परिचारिकेने त्याला भिंतीपाशी उभे करून उंची मोजली आणि डॉक्टरांनी ती आलेखावर मांडली. गावच्या शाळेच्या पुस्तकात दोन वर्षांपूर्वीची उंची लिहिलेली होती. वडिलांनी सुदैवाने ते पुस्तक पिशवीत आणले होते. दोन वर्षांत मुलगा जेमतेम वाढला होता. रक्तक्षयावर लोहाची औषधे कितीतरी झाली होती आणि रक्त काही वाढले नव्हते. डॉक्टरांनी रक्ताची एकच विशेष तपासणी लिहून दिली.

ती तपासणी सीलिॲक रोगाची. या रोगात गहू व जव यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. गहू आणि हा रोग यांचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या सुमारास सिद्ध केला. महायुद्धातील उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, या अनुभवाने त्यांच्या विचाराला बळकटी दिली. भारतात हा रोग नाही, असे त्यानंतरही बराच काळ समजले जाई. १९६६ साली उत्तर भारतातील मुलांत तो असल्याचे वृत्त 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. त्याच्या लेखकांत डॉ. बी. एन. एस. वालिया होते, ज्यांनी पुढे चंदीगडच्या याच संस्थेचे संचालकपद भूषविले. लुधियानाच्या डॉक्टरांनी चार हजारांवर शाळकरी मुले तपासून २००६ साली जे प्रसिद्ध केले, त्यात सुमारे ३१० मुलांमागे एकाला हा रोग आढळला. गहू हेच मुख्य अन्न असलेल्या प्रदेशात म्हणूनच पोटदुखीच्या मुलाकडे पाहताना हा विचार मनात ठेवावाच लागतो. उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी याने घाबरून जाण्याचे कारण नाही. रोगाला अनुवंशिक प्रवृत्ती लागते. नुसती भाकरी सोडून पोळी धरल्याने तो होत नाही.

एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. शेजारणीने सांगितले म्हणून तपासणीच्या आधीच गहू बंद करू नये. गहू बंद असताना रक्ताची तपासणी आणि आतड्याच्या अस्तराचा तुकडा, दोन्ही निर्दोष दिसू शकतात, आणि निदान हातचे निसटते. मग वर्षानुवर्षे कोणालाच कळत नाही की, पथ्य जन्मभराचे आहे की उगाचच आहे. संगरूरच्या मुलाची दोन्ही तपासण्यांत खात्री झाली. गव्हाच्या शेतकऱ्याला आपल्या घरच्या गव्हाची पोळी पोराने पुन्हा कधीही खायची नाही, हे ऐकावे लागले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, मक्याचे पीठ आमच्याच चक्कीवर दळले तर चालेल काय? उत्तर 'नाही' असे होते; ज्या जात्यावर गहू दळतात, त्यावर दळलेल्या पिठात गव्हाचा अंश येतोच. तवाही वेगळा हवा. आपल्या ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लूटेन नसते. मराठी घराला हे पथ्य त्या मानाने सोपे जावे.

थोडे वाढत्या वयातील मुलांविषयी. चंदीगडच्या चौतिसाव्या सेक्टरमध्ये शिकवणीवर्गांची दाटी आहे, आणि प्रवेशपरीक्षांचे दिवस जवळ आले की त्या वयाच्या मुलांचे अपचन आणि शौचाच्या तक्रारी वाढाव्यात, यात नवल नाही. रात्रीची जागरणे, सकाळी न्याहारी नाही, दुपारी तळलेले, आणि चहावर चहा. तथापि 'परीक्षेमुळे होते' असे म्हणून मोकळे होण्यापूर्वी वजन मोजलेच पाहिजे. मुलगी पोटदुखीचे निमित्त सांगून मुद्दाम जेवण टाळीत असेल, पाळीच्या दिवसांशी दुखण्याचा संबंध असेल, शाळेत कोणी छळत असेल, तर ते आईबापांसमोर ती सांगणार नाही. या वयाच्या मुलांशी डॉक्टरांनी काही मिनिटे एकट्याने बोलावे आणि पालकांनी त्यात मानहानी मानू नये. अगदी तान्ह्यांचे तर बहुतेक सारे काळानेच सुधारते: संध्याकाळी रडणारे बाळ, अंगावर प्यायल्यावर ओकणारे बाळ, दहा दहा मिनिटे लालबुंद होऊन कुंथणारे आणि अखेर मऊच शी करणारे बाळ. वजन वाढत असेल, तर त्याला औषधाची नव्हे, आईला धीराची गरज असते.

निदान सांगण्याची रीतही उपचाराचाच भाग आहे. लिन वॉकर या अमेरिकन संशोधक महिलेने २००६ साली एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना पुष्कळ पाणी पाजून पोटात अस्वस्थता निर्माण केली आणि काही आयांना सांगितले की मुलाच्या दुखण्याचीच विचारपूस करा, काहींना सांगितले की बोलणे दुसरीकडे न्या. विचारपूस केलेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. मन दुसरीकडे वळविलेल्यांच्या सुमारे निम्म्यावर आल्या. गंमत अशी की, बोलणे दुसरीकडे नेल्याने मुलाला वाईट वाटेल, अशी भीती आयांना वाटत होती; मुलांना मात्र तेच बरे वाटले. 'आज दुखले का ग?' हा मायेचा प्रश्न रोज सकाळी विचारला जातो, तेव्हा त्याचेही काही मोल पोटाला द्यावे लागते.

साताऱ्याच्या मुलीला आतड्यात पाणी धरून ठेवणारे साधे औषध मिळाले. ते काही महिने घ्यावे लागते. त्याची सवय लागते ही भीती खोटी आहे, आणि दोन आठवड्यांत बरे वाटले म्हणून बंद केल्यास खडे पुन्हा धरतात. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे शौचकूपावर बसायचे, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवायचा. वडिलांना एकच काम सांगितले होते. ते पुढल्या सोमवारी गणवेशातच शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. शुक्रवारपर्यंत दाराला कडी बसली होती.